दर्भाचे अण्णा

९ जानेवारी

सकाळी लॅबला जायच्या आधी हॉस्पिटलमध्ये डोकावले. अण्णांच्या उशाशी गंगाजलाचा गडू, वर तुळशीचं पान. सुहासने रात्री ठेवलेला. अण्णा म्हणाले, "विद्या, ते उचल आधी. माशा बसतायत. तहान लागली तर नळाचं दे, उकळून."

आवाज खोल गेलाय. डॉक्टर म्हणतात हृदय दमलंय, आता जेवढं चालेल तेवढं.

तेवढ्यात सुहास आणि आई आले. अण्णांनी दोघांना बसवलं. "सगळे आहात तर पुन्हा सांगून ठेवतो. माझं शरीर मेडिकल कॉलेजला. दहावं नाही, तेरावं नाही. ज्याला भूक लागेल त्याने जेवावं." मग दम लागला. थांबून म्हणाले, "मशीन बिघडलं की उघडून बघतात. आयुष्यभर मला ह्याचाच पगार मिळाला."

सुहास सलाइनच्या थेंबांकडे बघत होता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गडू मी पिशवीत टाकला आणि कामावर गेले. लॅबमध्ये दिवसभर पिशवीत हिंदकळत होता.


१२ जानेवारी

हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर सुहास म्हणाला, "ताई, एक विचारू? मग मी काय करायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलगा म्हणून."

"औषधं आण. रात्री थांब. थांबतोयसच की."

अर्धा चहा ओतून दिला त्याने. बाइक काढताना म्हणाला, "तुझं सोपं आहे."

काय सोपं आहे? अण्णांनी दोघांनाही सारखंच वाढवलं. दोघांनाही दिवाळीत फटाक्यांऐवजी स्क्रू ड्रायव्हर. त्यातून मी अशी झाले आणि तो मनगटाला चार रंगांचे दोरे बांधून फिरतो.

संध्याकाळी आईला जेवण भरवताना (स्वतःहून जेवत नाही) तिने विचारलं, "तुकडे करतात का गं?"

"हो. शिकण्यासाठी."

"दुखत..." एवढंच बोलली आणि माझा घासाचा हात बाजूला सारला. नंतर म्हणाली, "नाही ना दुखत तेव्हा."

खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवणं सोपं होतं.


१९ जानेवारी

अण्णा गेले. सकाळी. आता लिहवत नाही.


२० जानेवारी

कालचं लिहून ठेवते. विसरणार नाहीच, पण लोक नंतर वेगळं सांगतील म्हणून.

हॉस्पिटलमधून अण्णांना बदलापूरला सुहासच्या घरी नेलं. आई-अण्णा तिथेच राहत होते. डोळे घ्यायला नेत्रपेढीचे दोघं आले, त्याला कुणी काही म्हटलं नाही. मला वाटलं, चला, झालं. खिडकीतून खाली बघते तर पार्किंगमध्ये बांबू, पेंढा, मडकं. सुहासने आधीच सांगून ठेवलेलं.

कॉलेजची गाडी आली. बरोबरचे गृहस्थ नीट बोलणारे होते. म्हणाले, "मॅडम, घरात वाद असेल तर आम्ही गाडी परत नेतो. भांडणात बॉडी नेत नाही."

सुहास म्हणाला, "माझा विरोध आहे."

मी म्हटलं, "अण्णांनी तुझ्या तोंडावर सांगितलंय."

"माणूस मरताना काहीही बोलतो."

"मरताना? माझ्या लग्नाच्या आधीपासून बोलतायत!"

कुसुमआत्या आतून रडत ओरडली, "माझ्या भावाला अग्नी नाही मिळाला तर तुम्हा कुणाचं भलं व्हायचं नाही." जिन्यात लोक. शेजारच्या फ्लॅटची दारं उघडी. गृहस्थांनी विचारलं, "त्यांच्या मिसेस काय म्हणतात?"

सगळे आईकडे बघायला लागले. आई आयुष्यभर चतुर्थ्या करत आली. दिव्याची वात विझली तर दिवसभर चुटपुटते. मी मनात म्हटलं, संपलं.

आई भिंतीला धरून उठली. म्हणाली, "ह्यांनी माझं एक ऐकलं नाही. सत्यनारायणाला बसले नाहीत कधी. माझ्या आईच्या श्राद्धाला जेवायला तेवढे आले. मी आपली बोलत राहिले. आता ते उलटून बोलत नाहीत, म्हणून मी माझं खरं करून घेऊ? न्या त्यांना."

सुहास जिना उतरला, बाइक काढली, गेला. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती असं आता सगळे म्हणतायत. मला तसं वाटत नाही.

गाडीपर्यंत उचलायला मी, माझा नवरा शिरीष, कॉलेजचे गृहस्थ आणि समोरच्या फ्लॅटमधले एक. बाई खांदा देते म्हणून खाली कुजबुज. होऊ दे.

कॉलेजमध्ये एक लांब गल्ली, फॉर्मॅलिनचा वास. माझ्या ओळखीचा वास, लॅबमधला. शिरीष शेवटी हात जोडून काहीतरी मंत्र पुटपुटला. दर सोमवारी शिवमंदिरात जाणारा माणूस तो, बावीस वर्षं मी बघतेय. त्याला अडवलं नाही. तो माझ्या आड येत नाही, मी त्याच्या. परत येताना ड्रायव्हिंग करता करता म्हणाला, "हलकं वाटतंय का?" मी म्हटलं, "नाही. रिकामं."


३१ जानेवारी

तन्वीचा फोन. सुहासची मुलगी, माझी लाडकी. मला मूल नाही. जे काही लाड करायचे राहिले असते ते सगळे तिचे केले. तिला चौथा महिना आहे. गर्भारणीने मयताला यायचं नाही म्हणून त्या दिवशी तिच्या सासूने सोडलं नव्हतं. आजोबांना बघितलंसुद्धा नाही पोरीने.

म्हणाली, "आत्या, तुला कळलं का? बाबांनी आजोबांचा पुतळा केला."

"कसला पुतळा?"

"गवताचा. अंत्यविधी करायला. बॉडी नसेल तर तसं करतात म्हणे."

दर्भ, पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. नदीकाठी नेऊन जाळलं. आईलाही नेलं होतं. मग दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास गेला. कुसुमआत्याने माझं नाव घेऊन रडायला सुरुवात केली. शेवटी गुरुजींनी दर्भाचाच कावळा केला आणि त्याची चोच पिंडाला लावली.

मी आधी हसले. खरंच हसले, तन्वीही हसली. दर्भाचे अण्णा, दर्भाचा कावळा. अण्णांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, जेवणही दर्भाचं ठेवायचं होतं.

फोन ठेवल्यावर राग आला. ह्या माणसाने सांगून सवरून नको म्हटलं, त्याच्या नावाने नारळ जाळला. ज्यांचं प्रेम होतं त्यांनीच.


५ फेब्रुवारी

आई आमच्याकडे अंबरनाथला राहायला आली. सुहासच्या घरात अण्णांची खुर्ची बघवत नाही म्हणाली. खरं कारण वेगळं असावं. तिथे आल्यागेल्या प्रत्येकाला कावळ्याची गोष्ट सांगतात.

पहाटे बघते तर आई गॅलरीत. कठड्यावर भाताचं शीत ठेवलेलं. कावळा आला, खाऊन गेला. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हा कुठलाही असेल."

"आई, तोही कुठलाही असता."

"तुला नाही कळायचं. शिवला नाही, विद्या. काय राहिलं असेल ह्यांच्या मनात?"

काही राहिलं नव्हतं गं. सगळं बोलून मोकळा झालेला माणूस. पण आता तिच्या डोक्यात ते शिरलंय आणि ते काढायला माझ्याकडे काही नाही. धीर मिळतो, आधार मिळतो म्हणतात ना श्रद्धेने? ही बाई अण्णा गेल्यावर नऊ-दहा दिवस धड होती. रडत होती, जेवत होती, झोपत होती. कावळ्याने तिची झोप नेली.


महाशिवरात्र

सकाळपासून रस्ता बंद. मंदिराची रांग पार आमच्या कोपऱ्यापर्यंत. शिरीष पहाटेच जाऊन आला, ओल्या केसांनी, खूश.

लहानपणी अण्णा मला ह्या जत्रेत न्यायचे, पण रांगेत उभे राहायचे नाहीत. बाहेरून भिंतीला हात लावायला लावायचे. "बघ, छिन्नी कुठून फिरली ते बघ. हे माणसाने केलंय." सुहासलाही दाखवायचे. तो मात्र रांगेकडे बघत राहायचा. त्याला आत जायचं असायचं.

आई दर्शनाला गेली नाही. घरात मयत झालंय, वर्षभर देवळात जायचं नाही म्हणाली. मी म्हटलं जा, तुला बरं वाटेल. मीच म्हणतेय, मी! नाही म्हणाली. आयुष्यभर ज्या देवाचं केलं, दुःखात त्याच्याच दारात जायचं नाही? कुणी काढले असले नियम. ती खिडकीतून रांग बघत बसली.

अण्णा म्हणायचे, देव मानणारा वाईट नसतो, भीती विकणारा वाईट. मी अण्णांइतकी मवाळ नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान चालतं. नुसत्या दुकानदाराला शिव्या का द्यायच्या?


११ मार्च

तन्वीचं बाळ गेलं. पाचवा महिना संपत आलेला. दुपारी पोटात दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत

मला सुहासच्या बायकोने, मनीषाने कळवलं. फक्त एवढंच म्हणाली, "झालं समाधान?" आणि फोन ठेवला. मला कळेचना ती काय म्हणतेय. जिन्यात उभी होते. दोन मजले उतरल्यावर कळलं.


१४ मार्च

उल्हासनगरला गेले. कॅम्प चारमध्ये तन्वीचं सासर. नवरा, निखिल, गुजरातला प्लांटवर असतो, महिन्यातून एकदा येतो. दोन दिवस येऊन परत गेला. तन्वी फोन उचलत नाही.

विहीणबाईंनी दार अर्धं उघडलं. "ती झोपलीय."

"मी बसते. उठली की भेटेन."

"नको. आमच्या गुरुजींनी सांगितलंय, काही दिवस..." वाक्य पूर्ण केलं नाही. दारही पूर्ण उघडलं नाही. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग तन्वीचा आवाज, "कोण आहे, आई?" आणि ह्या म्हणाल्या, "कुणी नाही."

कुणी नाही. ज्या मुलीला मी पोहायला शिकवलं, जिची पहिली पाळी माझ्या घरात आली.

मी मोठ्याने म्हटलं, "तन्वी, मी आहे, आत्या." दार लागलं.

खाली उतरून ज्योतीकडे गेले. लॅबमध्ये माझ्याबरोबर असते, ह्याच कॅम्पमध्ये दोन ब्लॉक सोडून राहते. तिच्या दिवाणखान्यात सिंधी लोकांच्या झुलेलालचा हा एवढा फोटो, लाइटिंग लावलेलं. मी तिथे बसून रडले. ज्योती म्हणाली, "तू रो ले पहिले. फिर बताती हूँ. छोरी को मैं लेके आएगी इधर. भाजी घ्यायला तर येते ना खाली?"


२२ मार्च

सुहास आला. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. बसला नाही. आईच्या पाया पडला, माझ्याकडे न बघता बोलला.

तन्वीच्या सासरच्या गुरुजींनी पत्रिका बघितली. पितृदोष. घरातला कर्ता पुरुष अग्नीवाचून गेला, त्याचा आत्मा अडकला, म्हणून वंश अडला. आणि पुतळ्याचं काय? तर तो दोष झाकायला पुरला नाही, कारण ज्याच्या हातून घडलं त्याला पश्चात्ताप नाही. आता चामटोलीला कुणाच्या तरी शेतघरावर शांती करायची. मी बसायचं. सगळ्यांसमोर म्हणायचं की माझ्या हातून दोष घडला, क्षमा असावी.

मी म्हटलं, "आणि नाही म्हटलं तर?"

"ताई, माझी मुलगी आहे." तोंड फिरवून उभा होता. खांदे हलत होते. "एक तास. तुझं काय जातं?"

काय जातं? मी अण्णांना फसवलं असं म्हणावं लागतं. मी बाळ मारलं असं म्हणावं लागतं. एवढंच.

तो गेल्यावर आईने दार लावलं. नंतर म्हणाली, "वंश अडवायला ह्यांना कुठे वेळ होता? तन्वीसाठी पाळणा करायला घेतला होता. दोन बाजू झाल्या होत्या." मला हे माहीत नव्हतं.


२५ मार्च

ज्योतीने आणली तिला. खरंच भाजीच्या पिशवीसकट.

तन्वी वाळलीय. गळ्यात एक नवा ताईत. मला मिठी मारायला पुढे आली आणि मधेच थांबली. तिने स्वतःला थांबवलं ते मी बघितलं. मग ज्योतीनेच तिला माझ्या अंगावर ढकललं, "अरे जा ना, आत्या है, भूत थोडी है."

विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या? तर कळलं. डॉक्टर म्हणाल्या गर्भपिशवीचं तोंड कमकुवत असावं. तपासण्या करा, पुढच्या वेळी वेळेत टाका घातला तर बाळ राहू शकतं. खूप बायकांचं होतं असं. हे सगळं सांगितलंय तिला, कागदावर लिहूनही दिलंय. पण सासूबाई म्हणतात, आधी शांती. दोष असताना दवाखान्याच्या पायऱ्या चढून उपयोग नाही. निखिलला फोनवर अर्धंच सांगितलंय.

"आणि तुला काय वाटतं?"

"मला..." वांगी पिशवीत खालीवर करत होती. "मला वाटतं दोन्ही खरं असेल तर? आत्या, तू बस ना एकदा. माझ्यासाठी. मग त्या सोडतील मला."

मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. मला तिच्यावर राग आला नाही. ह्या मुलीने इंजिनिअरिंग केलंय, पण बाळ गेल्यावर रात्री छताकडे बघत पडलेल्या बाईला कुणीतरी कारण द्यावं लागतं. डॉक्टरांनी कारण दिलं, पण त्यात दोषी कुणी नाही. गुरुजींनी दिलं त्यात मी आहे. धरायला ते सोपं.


२ एप्रिल

शिरीष म्हणतो, मी बसतो तुझ्याऐवजी. मी देवाची माफी रोजच मागतो, एक जास्त. हसवायला म्हणाला. मग गंभीर झाला. "विद्या, तू बसलीस तर मी तुला कमी समजणार नाही. नाही बसलीस तरी नाही."

ह्या माणसाशी भांडताही येत नाही.

दिवसभर डोक्यात तेच. बसले तर तन्वी दवाखान्यात जाईल. जाईल का? पुढच्या वेळी सगळं नीट झालं तर शांतीने झालं. बिघडलं तर विद्याने मनापासून माफी मागितली नाही. ह्यातून बाहेर पडायचं दार बंदच, कडी बाहेरून आहे. आणि ह्या पोरीला मुलगी झाली तर तिलाही हेच वाढून ठेवलंय. कुणाच्या ना कुणाच्या दोषाची वारसदार.

नाही बसणार. पण जाणार. जे म्हणायचं ते तिथे म्हणणार. आईला सांगितलं तर म्हणाली, "मलाही यायचंय." म्हटलं कशाला? तर, "का, मी कोण लागते ह्यांची?"


६ एप्रिल

चामटोली. ऊन मी म्हणत होतं. शेतघराच्या ओसरीत मांडणी. नदीकडून वारा आला की समया विझायच्या. सुहास सोवळ्यात, मनीषा, तन्वी, विहीणबाई, कुसुमआत्या. निखिलला रजा काढून बोलावलं होतं.

गुरुजी तिशीतला मुलगा. मी कुणीतरी जटा-दाढीवाला मनात धरून गेले होते, तावातावाने भांडता येईल असा. हा मला विचारतो, "ताई, चहा घेतलात का?" मग मऊ आवाजात, "काही कठीण नाही. फक्त म्हणायचं, माझ्या हातून अज्ञानाने घडलं."

"अज्ञानाने नाही घडलं. विचार करून घडलं."

"मग विचाराने क्षमा मागा," तो म्हणाला. हुशार आहे.

"मागणार नाही. मी इथे दुसरं सांगायला आलेय." आणि मी निखिलकडे बघून सांगितलं. पिशवीचं तोंड, तपासण्या, टाका, डॉक्टरांनी काय लिहून दिलंय ते सगळं. ओसरीत, पुरुषांसमोर. कुसुमआत्याने कानावर हात ठेवले. निखिल तन्वीकडे बघत म्हणाला, "हे मला का नाही सांगितलं?" तन्वीने सासूकडे बघितलं. विहीणबाई समईची वात पुढे सारायला लागल्या.

मनीषा उसळली. "हिला स्वतःला मूल असतं तर कळलं असतं!"

हे कधीतरी येणार हे मला पंधरा वर्षं माहीत होतं. तरी लागलं. शिरीष दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. त्याची मान खाली गेलेली बघून मला जास्त लागलं.

तेव्हा आई बोलली. पाटावर बसूनच, आवाज न चढवता. "गुरुजी, हिला कशाला धरता? न्या म्हणाले ती मी. हिचं कोण ऐकणार होतं? दोष असेल तर माझा. क्षमा मागायला मी बसते. पण मागू कुणाची? ह्यांची? ह्यांनीच तर सांगितलं होतं असं करा म्हणून. सांगितलेलं केलं त्याची माफी कशी मागतात, ते तेवढं सांगा."

गुरुजी म्हणाला, "आजी, तुमचा भाव शुद्ध आहे."

आई म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्याने पणतवंडाचा जीव घेतला असं पुन्हा माझ्यासमोर बोलू नका. बाकी करायची ती पूजा करा. मी नमस्कार करेन."

आणि सुहास रडायला लागला. सोवळं सावरत, मोठ्याने, लहान मुलासारखा. "आणि माझं काय, आई? मला खांदा द्यायचा होता. मंत्र, तेरावं, काही नसतं केलं तरी चाललं असतं. मला खांदा द्यायचा होता."

मी म्हटलं, "तुझा खांदा कुणी अडवला नव्हता, सुहास. गाडीपर्यंत उचलायला चौघं होतो. चौथा समोरच्या फ्लॅटमधला होता. तुझी जागा होती ती. तू बाइक काढलीस."

हे तेव्हा बोलायला नको होतं, शिरीष नंतर म्हणाला. पण खरं होतं आणि दुसरं कुणी सांगितलं नसतं. सुहास माझ्याकडे बघत राहिला. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा सरळ डोळ्यात.

पूजा झाली. माझ्याशिवाय. मी बाहेर शेताच्या बांधावर बसले. आईने नमस्कार केला, प्रसाद आणला. मी खाल्ला. शिऱ्याशी माझं भांडण नाही.


१० एप्रिल

कुसुमआत्याने सगळ्यांना कळवलंय की विद्याशी संबंध ठेवायचे नाहीत. पुण्याच्या चुलतभावाने मुलाच्या मुंजीचं आमंत्रण शिरीषच्या नावाने पाठवलं, एकट्याच्या. शिरीषने परत फोन करून विचारलं, "जोडीने येऊ नको का?" समोरून गोंधळ. तो म्हणाला, "मग राहू दे." सोमवारवाला माझा नवरा!

आई अजून गॅलरीत शीत ठेवते. पण आता कावळा आला की आत येऊन चहा टाकते. विचारलं नाही काही. तिच्या आत काय चाललंय ते तिचं.

दुपारी म्हणाली, "तू जिंकलीस असं समजू नकोस हां."

"नाही समजत."

"माझा देव आहे अजून."

"असू दे की."

"असू दे म्हणणारी तू कोण?" म्हणाली. बरोबरच आहे.


१७ एप्रिल

तन्वीचा मेसेज. "आत्या, मंगळवारी अंबरनाथला तुझ्या डॉक्टरांची वेळ मिळेल का. निखिल हो म्हणालाय. घरी सासूबाई बोलत नाहीयेत." खाली आणखी एक ओळ पाठवून पुसलेली. काय होती ते विचारलं नाही. वेळ घेतली.


मंगळवार

लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा. दवाखाना पहिल्या मजल्यावर. मी आधीच जाऊन बसले. नंबर जवळ आला तरी तन्वी नाही. मला वाटलं, अडवलं. परत अडवलं. मनात भांडणाची सगळी वाक्यं तयार केली, विहीणबाईंसाठी एक, मनीषासाठी दोन.

मग आली, धापा टाकत. म्हटलं, "कशी आलीस?"

"बाबांनी सोडलं. उल्हासनगरला घ्यायला आले होते."

खिडकीतून खाली बघितलं. झेरॉक्सच्या दुकानासमोर सुहास, बाइकवरच, हेल्मेट काढलेलं नाही. एक पाय जमिनीवर.

तन्वीने पर्समधून कागदाची पुडी काढली. "अंगारा आहे. बाबांनी दिलाय, आत जाताना लाव म्हणाले. काय करू?"

माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. "कपाळ तुझं आहे."

तिने थोडा विचार केला, पुडी परत पर्समध्ये ठेवली. लावलाही नाही, टाकलाही नाही. नाव पुकारलं, आत गेलो.

डॉक्टरांनी तपासलं, चित्र काढून समजावलं. रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी, रिपोर्ट आल्यावर पुढचं. तन्वीने चार प्रश्न विचारले. चारही चांगले होते. शेवटचा होता, "माझ्या हातून काही चुकलं होतं का?" डॉक्टर म्हणाल्या, "नाही." ती म्हणाली, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं.

जिन्यात मला म्हणाली, "खाली येतेस? बाबा आहेत."

"तू जा."

"आत्या..."

"जा गं. उन्हात उभा आहे तो."

वरून बघितलं. ती मागे बसली, मला हात केला. सुहासने मान वर केली नाही. पण लगेच निघालाही नाही. बाइक चालू ठेवून उभा होता थोडा वेळ. मग गेले.

घरी आईने विचारलं, "बोललात?"

"नाही."

"तो वर का नाही आला?"

"मी खाली का नाही गेले, ते नाही विचारलंस."

"तुला विचारून काय उपयोग," म्हणाली, आणि कोथिंबीर निवडायला बसली.

रिपोर्ट शुक्रवारी. परत तोच सोडायला येणार का, ते तन्वीने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.